आरसा, दौत आणि पाच मिनिटं

गेल्या अंकात एक सराव सुचवला होता. आरशासमोर बसायचं, पेन्सिल-खोडरबर दूर ठेवायचं, थेट शाईने स्वतःचा चेहरा काढायचा आणि पाच मिनिटं झाली की पेन खाली ठेवायचं. त्यावर आलेल्या पत्रांमधले काही प्रश्न इथे घेतले आहेत. अनेकांचा प्रश्न एकच असेल तिथे एकच पत्र निवडलं आहे.

चेहरा माझाच आहे हे घरच्यांना ओळखू येतं, पण प्रत्येक चित्रात मी रागावल्यासारखा दिसतो. तसा मी नाही. कुठे चुकतंय? (सांगलीहून एक वाचक)

तुमचा हात चुकत नाही. आरशातला माणूस त्या वेळी खरोखरच तसा दिसत असतो. एखाद्या गोष्टीकडे बारकाईने पाहताना भुवया आपोआप जवळ येतात, जबडा आवळला जातो, ओठ मिटतात. पेन्सिलीने तासभर काढलेल्या चित्रात आपण हे नकळत सौम्य करत जातो. शाईला तेवढी सवड नसते, त्यामुळे ताण जसाच्या तसा कागदावर उतरतो.

दुसरं कारण बसण्यात आहे. कागद टेबलावर आडवा असेल तर मान खाली जाते आणि आरशात पाहताना आपण फक्त डोळे वर उचलतो. भुवयांखालून रोखून पाहणारी नजर तिथून येते. चित्राचा बोर्ड मांडीवर घेऊन टेबलाच्या कडेला टेकवा, जवळजवळ उभा, साधारण ६० अंशांत. आरशाचा मध्य तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि आरशाची कड बोर्डाच्या वरच्या कडेला अगदी लागून असू द्या. कागद आणि आरसा यांच्यामध्ये मान न हलता फक्त नजर फिरली पाहिजे. एवढ्या बदलाने निम्मा राग जातो.

उरलेला निम्मा राग डोळ्यांच्या रेखाटनात असतो. बुबुळाचं पूर्ण वर्तुळ काढलं आणि त्याच्या वरती पांढरा भाग दिसला, की चेहरा घाबरलेला किंवा संतापलेला वाटतो. शांत चेहऱ्यात वरची पापणी बुबुळाचा वरचा तुकडा झाकते. म्हणून वरच्या पापणीची रेघ जाड आणि ठाम काढा, बुबुळ तिच्याखाली लोंबकळू द्या, आणि खालची पापणी एका ठिपक्यावर किंवा तुटक रेघेवर भागवा. खालची पापणी वरच्याइतकीच काळी झाली की डोळा चिकटवल्यासारखा दिसतो.

डोळे विस्फारले की काय होतं हे मुद्दाम पाहायचं असेल तर डच चित्रकार रेम्ब्रांटची १६३० सालची एक एचिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र) शोधा. टोपी घातलेला, डोळे वटारलेला, ओठांचा चंबू केलेला त्याचा स्वतःचा चेहरा. आकार जेमतेम पाच सेंटिमीटर, मोठ्या पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्या काळात त्याने आरशासमोर हसून, कपाळाला आठ्या घालून असे बरेच चेहरे करून पाहिले. तो भाव आधी ठरवत होता, मग काढत होता. तुम्हीही तेच करा. पेन उचलण्याआधी एक वाक्य मोठ्याने बोला, कुणाला तरी हाक मारल्यासारखं, आणि चेहरा पुन्हा आवळण्याआधी ओठांची फट कागदावर रेखाटून घ्या. तोंड सगळ्यात आधी ताठ होतं, म्हणून तेच आधी कागदावर यायला हवं.

डोळ्यांपासून सुरुवात केली की कपाळ आखूड होतं, हनुवटीपासून केली की डोक्याला जागा उरत नाही. पाच मिनिटांत नेमका क्रम काय ठेवावा? (बडोद्याहून एक वाचक)

डोळ्यांपासून सुरुवात करणाऱ्या बहुतेकांचं कपाळ आखूड होतं, कारण आपलं लक्ष डोळे-नाक-तोंड या भागावर असतं आणि लक्ष जिथे असतं तो भाग हात मोठा काढतो. प्रत्यक्षात डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंतचं अंतर आणि तिथूनच टाळूपर्यंतचं अंतर जवळजवळ सारखं असतं. केसांचा फुगवटा त्याच्याही वर. पेन हात ताठ करून धरा, एक डोळा मिटा आणि आरशात हे एकदा मोजून बघा. पटायला वेळ लागतो, पण एकदा पटलं की कपाळ पुन्हा आखूड होत नाही.

आता क्रम. ए-फोर कागदावर चेहऱ्याची उंची १२ ते १४ सेंटिमीटर धरू.

पहिला अर्धा मिनिट पेनाचं टोपण लावलेलंच राहू द्या. डोळे किलकिले करून फक्त सगळ्यात काळ्या जागा शोधा. बहुतेक चेहऱ्यांत त्या चारच असतात: वरच्या पापणीखालची खोबण, नाकपुड्या आणि नाकाखालची सावली, ओठांची फट, हनुवटीखालचा गळा. या चार जागा बरोबर ठिकाणी पडल्या तर बाकी सगळं वगळलं तरी माणूस ओळखू येतो.

पुढच्या अर्ध्या मिनिटात चार ठिपके: टाळू, हनुवटी, आणि दोन्ही बाजूंना चेहरा जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे एकेक. टाळू-हनुवटीच्या मध्यावर कडेला एक बारीक खूण, ती डोळ्यांची रेषा. हे ठिपके नंतर रेघांमध्ये विरून जातात, त्यांची काळजी करू नका.

मग खालून वर चढा. आधी ओठांची फट: भुवई ते हनुवटी या अंतराच्या साधारण मध्यावर नाक संपतं आणि तिथून हनुवटीकडे जाताना एक तृतीयांशावर ओठ मिटतात. फट म्हणजे सरळ रेघ नाही. मध्ये ती किंचित खाली झुकते, कोपऱ्यात खोल जाते. कोपऱ्यांत पेन क्षणभर टेकवून ठेवा, शाई तिथे आपोआप साचते. वरच्या-खालच्या ओठांची बाह्यरेषा काढू नका, खालच्या ओठाखाली एक छोटी सावली पुरे. तिथून नाकाखाली, नाकपुडीत, आणि मग सावलीच्या बाजूने नाकाच्या कडेवरून थेट भुवईपर्यंत एकाच दमात जाणारी रेघ. ही एक रेघ चित्राचा कणा आहे. ती काढताना कागदाकडे पाहू नका, आरशात पाहा.

तिसऱ्या मिनिटाला डोळे. टिकली लावत असाल तर ती उत्तम खूण आहे. ती आधी कागदावर ठेवा आणि दोन्ही भुवया तिच्यापासून मोजा. टिकली नसेल तर नाकाच्या मुळाशी जी आडवी सुरकुती पडते तिचा आधार घ्या.

चौथ्या मिनिटाला जबडा, कान, केस. कानाचं वरचं टोक भुवईच्या रांगेत आणि पाळी नाकाच्या टोकाखालच्या रांगेत येते. मान वर-खाली कलली की कान सरकतात, हे मात्र आरशात पाहून ठरवा. केस म्हणजे एकेक केस नाही. भांग, कपाळावरची कड आणि कानामागचा अंधार एवढंच काढा, मध्ये कागद मोकळा सोडा.

शेवटच्या मिनिटात सावली. संपूर्ण सावलीची बाजू एकाच दिशेच्या तिरक्या रेघांनी झाका, दोन रेघांत साधारण दोन मिलिमीटर अंतर. गालावरही त्याच रेघा, गळ्यावरही त्याच. डोळ्याची खोबण आणि हनुवटीखाली मात्र दुसऱ्या दिशेचा एक थर चढवा. रेघांची दिशा प्रत्येक अवयवाला बदलली की चेहरा गोधडीसारखा तुकड्यातुकड्यांचा दिसतो. गळ्याच्या दोन रेघा, कॉलरचा एक कोपरा, आणि पेन खाली.

यासाठी प्रकाश एकाच बाजूचा हवा. छतावरची ट्यूब बंद करा. उजव्या हाताने काढत असाल तर डावीकडे, डोक्याच्या थोडं वर एक दिवा ठेवा. ट्यूबच्या पसरट उजेडात सावलीला कड राहत नाही, आणि कड नसली की पाच मिनिटांत आकार सापडत नाही.

पेन्सिलीने नीट काढून त्यावर शाईने गिरवलं तर चित्र बरोबर येतं, पण निर्जीव दिसतं. थेट शाईने काढलेलं वेडंवाकडं चित्र मात्र जिवंत वाटतं. असं का? (कोल्हापूरहून एक वाचक)

गिरवताना तुम्ही चेहरा पाहत नसता, रेघ पाहत असता. फरक सगळा तिथे आहे.

जबड्याची एकच रेघ जवळून पाहा. थेट चेहऱ्यावरून काढलेली असेल तर कानाखाली पेन टेकलं तिथे ती जाड आहे. गालाच्या खळगीवरून हात झरकन गेला म्हणून ती बारीक झाली आहे, कदाचित मध्ये तुटलीही आहे. हनुवटीपाशी डोळा थांबला, हातही थांबला, म्हणून तिथे शाईचा बारीक गोळा साचला आहे. त्या एका रेघेत तुम्ही कुठे खात्रीने पाहिलं, कुठे घाई केली, कुठे विचार केला हे सगळं नोंदलं गेलं आहे. गिरवलेली रेघ कानापासून हनुवटीपर्यंत एकाच जाडीची असते, कारण हाताला कुठेच निर्णय घ्यावा लागला नाही. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण जाणवतं नक्की.

शिवाय चेहरा तुमचाच असल्यामुळे बसणारा आणि पाहणारा एकच आहे. मॉडेलला कंटाळा आला तर तो हलतो. इथे कंटाळा चेहऱ्यावरही दिसतो आणि रेघेतही.

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्युररचं १४९३ सालचं एक पान न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तपकिरी शाईतलं, साधारण २८ बाय २० सेंटिमीटरचं. ड्युरर तेव्हा विशीत होता. त्या एकाच पानावर वर त्याचा चेहरा, एक हात आणि खाली एक चुरगळलेली उशी आहे. मागच्या बाजूला आणखी सहा उशा. चेहऱ्याला जितकं लक्ष तितकंच उशीच्या चुण्यांना. हे पान भिंतीवर लावण्यासाठी नव्हतं, हात आणि डोळा चालता ठेवण्यासाठी होतं. त्याआधीचं, १४९१-९२च्या सुमाराचं त्याचं आणखी एक शाईचं चित्र जर्मनीत एर्लांगेनच्या विद्यापीठ ग्रंथालयात आहे. त्यात तो डोकं हातावर टेकवून आपल्याकडे पाहतो. पाचशे वर्षं उलटली तरी ती नजर अस्वस्थ करते. त्याच्या रंगीत आत्मचित्रांचा मान वेगळा, पण माणूस म्हणून ड्युरर भेटतो तो या कागदांवर, असं आमचं ठाम मत आहे.

गिरवण्याची सवय एकदम सुटत नसेल तर मधला मार्ग आहे. पेन्सिलीने फक्त वर सांगितलेले चार ठिपके आणि डोळ्यांची खूण ठेवा, बाह्यरेषा अजिबात नको. आठवड्याभरात पेन्सिल आपोआप सुटेल.

मोबाइलच्या सेल्फीवरून काढलं तर चालेल का? आरशात काढलेलं चित्र पाहून मैत्रिणी म्हणतात, "ही तू नाहीस." (मडगावहून एक वाचक)

मैत्रिणी तुम्हाला समोरून पाहतात, तुम्ही स्वतःला आरशात. आरशातला भांग उलट्या बाजूला, तीळ उलट्या गालावर, आणि प्रत्येकाचा चेहरा दोन्ही बाजूंनी थोडा वेगळा असतोच. तेव्हा त्यांचं म्हणणं खरं आहे आणि तुमचं चित्रही खरं आहे. चित्र दुसऱ्या आरशात धरून त्यांना दाखवा, बहुधा लगेच ओळखतील.

सेल्फीचा त्रास वेगळा आहे. हाताच्या अंतरावरून, त्यातही जवळून घेतलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे सरकलेले दिसतात, कारण कॅमेऱ्यापासून नाकाचं आणि कानाचं अंतर प्रमाणाने खूप वेगळं असतं. आरशापासून तुम्ही ५० सेंटिमीटरवर बसलात तर स्वतःला तब्बल एक मीटरवरून पाहत असता, त्यामुळे ही विकृती येत नाही. फोटोच वापरायचा असेल तर फोन दीड-दोन मीटरवर टेकवून, टायमर लावून काढा. तरी सांगतो, फोटो हलत नाही आणि म्हणूनच घाईची गरज संपते. घाई संपली की रेघ गिरवल्यासारखी होते.

एक प्रयोग आजच करून पाहा. आरशावर साबणाच्या वडीने स्वतःच्या प्रतिमेची कड आखा: टाळू, हनुवटी, दोन्ही गाल. मग ती आकृती पट्टीने मोजा. तुमच्या चेहऱ्याची उंची २२ सेंटिमीटर असेल तर ती ११ भरेल. जवळ जा, लांब जा, ती निम्मीच राहते. एका डोळ्याने पाहिलं तर मोजमाप चोख येतं. चित्राचा आकारही ११-१२ सेंटिमीटर ठेवला की आरशातलं आणि कागदावरचं अंतर थेट ताडून पाहता येतं, मनात गुणाकार करावा लागत नाही. आरशावर नाकाच्या मुळाशी येईल असा साबणाचा एक ठिपका ठेवून दिला तर डोकं हललं की लगेच कळतं.

मी सोळा वर्षांचा आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या. पण शाईने काढताना रेघ केसाळ होते, लहान लहान तुकड्यांची. सर म्हणतात, आत्मविश्वास नाही. तो कुठून आणू? (नाशिकहून एक विद्यार्थी)

तुझ्या पत्रावरून वाटतं, हा प्रश्न मनाचा कमी आणि मनगटाचा जास्त आहे. पेन तू लिहिताना धरतोस तसं, निबजवळ धरत असणार. तिथून बोटं दोन-तीन सेंटिमीटरच फिरतात, मग उचलून पुन्हा टेकावं लागतं. पेन मागे सरकवून धर, टोकापासून सात-आठ सेंटिमीटरवर, आणि करंगळीचं नख कागदावर टेकवून कोपरापासून हात फिरव. सुरुवातीला रेघ भरकटेल. जुन्या वर्तमानपत्रावर रोज पन्नास लांब कमानी काढ, कानापासून हनुवटीपर्यंत जाते तशी. पंधरा दिवसांत हात ऐकायला लागेल.

दुसरी गोष्ट: रेघ सुरू करण्याआधी ती कुठे संपणार ते ठरव. शेवटच्या जागेकडे पाहत काढ.

आणि चुकली तर? चुकलेल्या रेघेवर तीच रेघ पुन्हा जाड करू नकोस, त्याने चूक मोठी होते. ती तशीच राहू दे आणि तिच्या शेजारी बरोबर रेघ थोडा जास्त दाब देऊन काढ. डोळा ठाम रेघ धरतो, फिकी सोडून देतो. पांढरी करेक्शन शाई लावू नकोस. ती कागदापेक्षा जास्त पांढरी असते, त्यामुळे सगळ्यांची नजर आधी तिथेच जाते. शोधत शोधत काढलेल्या दोन समांतर रेघा आणि केसाळ रेघ यांत फरक आहे. पहिलीत प्रत्येक रेघ पूर्ण आहे, दुसरीत एकही नाही.

चिपळूणमध्ये पावसाळ्यात शाई कागदावर फुटते, रेघेला मिशा येतात. उन्हाळ्यात तोच कागद, तीच शाई नीट चालते. (एक चित्रकला शिक्षिका)

कागदात घातलेली खळ शाईला आत शिरू देत नाही. दमट हवेत कागद पाणी ओढतो, तंतू फुगतात, खळ अपुरी पडते आणि शाई तंतूंच्या वाटेने पसरते. वापरण्याआधी कागद दोन जुन्या कागदांमध्ये ठेवून कोमट इस्त्री फिरवा आणि उरलेले कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद ठेवा.

नवा कागद घेताना कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. अर्धा मिनिट तो फुगीर राहिला तर कागद शाईला चांगला, लगेच झिरपला तर वॉशसाठीही, म्हणजे पाणी मिसळलेल्या शाईच्या फिक्या थरासाठीही, त्रास देईल. १२० ते १५० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, या कामाला पुरेसा आहे. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद देखणा असतो, पण खरखरीत जातीवर टोकदार निब अडकते आणि तंतू उचलते. तिथे बोरू (काडी तासून केलेली लेखणी) किंवा ब्रश वापरा. वर्गासाठी स्वस्त कागदच घ्यावा लागत असेल तर १०० मिलिलिटर गरम पाण्यात २ ग्रॅम साधं जिलेटिन विरघळवून रुंद ब्रशने एक हात द्या आणि दोरीवर वाळवा.

शाईबद्दलही तुम्ही विचारलं आहे. बाटलीतली जलरोधक ड्रॉइंग इंक फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नका. तिच्यातलं लाखेसारखं बंधक वाळलं की पाण्याने सुटत नाही आणि पेनाचा घसा कायमचा बंद होतो. ती टाकासाठी, म्हणजे दौतीत बुडवून चालवायच्या निबेच्या लेखणीसाठी. नव्या निबेवर गंज लागू नये म्हणून तेलकट थर असतो, त्यावर शाई गोळा होऊन थेंबाने गळते. टूथपेस्टने घासून धुतली की प्रवाह सुरळीत होतो. टाक दौतीत निबेच्या छिद्रापर्यंतच बुडवा, काठावर एकदा टेकवून जास्तीची शाई सोडा.

फाउंटन पेनची साधी शाई पाण्यात विरघळते, आणि पाच मिनिटांच्या चित्रात हा दोष गुण होतो. रेघा काढून झाल्यावर ओल्या ब्रशने सावलीच्या बाजूने एक फटकारा मारा, रेघेतूनच करडा वॉश सुटतो. वेगळा वॉश हवा असेल तर तीन वाट्या घ्या. प्रत्येकीत एक चहाचा चमचा पाणी आणि शाईचे अनुक्रमे एक, चार आणि बारा थेंब. वाळल्यावर वॉश फिका पडतो, तेव्हा ओला असताना किंचित जास्त गडद वाटला पाहिजे. रेम्ब्रांटची १६२८-२९च्या सुमाराची दोन छोटी आत्मचित्रं, एक ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात आणि एक लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात, पेन आणि करड्या वॉशचीच आहेत, तेरा सेंटिमीटरही उंच नाहीत. मुलांना दाखवा. केस कुठे संपतात आणि सावली कुठे सुरू होते हे त्यांत सांगता येत नाही, आणि तरी समोरचा तरुण स्पष्ट दिसतो.

चष्मा काढताना डोळे हरवतात. चष्मा काढून ठेवला तर आरशातलं दिसत नाही. (ठाण्याहून एक वाचक)

चष्मा ठेवाच, तो तुमच्या चेहऱ्याचा भाग आहे. आधी डोळ्यांच्या खोबणीची सावली, मग नाकावरचा दांडा, मग फक्त वरची फ्रेम. खालची कड गालाला टेकते तिथे एक तुकडा, बाकी मोकळी. दोन पूर्ण गोल काढले की डोळे त्यांच्यामागे कैद होतात. उणे नंबर असेल तर काचेतून दिसणारी गालाची कड आत सरकलेली असते, अधिक नंबर असेल तर बाहेर. ही पायरी जशी दिसते तशी काढा. एवढ्या एका तपशिलाने काच न रंगवताही काच दिसते. काचेवरची चमक काढायची नसते, तिथे रेघ थांबवायची असते.

वय ७१. हात कापतो. या वयात शाई पकडावी का? (पुण्याहून एक वाचक)

जरूर पकडा, फक्त अवजार बदला. टोकदार निब प्रत्येक कंप दाखवते, बोरू दाखवत नाही. मोडी लिहिणाऱ्यांचं हे अवजार चेहऱ्यालाही छान चालतं. करंगळीहून बारीक, पक्का वाळलेला बोरू घ्या आणि अर्धा तास पाण्यात ठेवा, म्हणजे कापताना चिरणार नाही. एका टोकाला दोन-अडीच सेंटिमीटर लांब तिरका छेद द्या, आतला भुसा खरवडा, दोन्ही बाजू तासून टोक दोन-तीन मिलिमीटर रुंद ठेवा. मध्ये सेंटिमीटरभर चीर पाडा आणि शेवटी टोक काचेवर किंवा फरशीच्या तुकड्यावर ठेवून एका दाबात सरळ छाटा. चीर लांब झाली तर शाई भसकन उतरते, नसली तर उतरतच नाही. बोरूत शाई थोडीच मावते, दर दोन-तीन रेघांनी बुडवावं लागतं. शाई संपत आली की रेघ कोरडी, दाणेदार होते. ती गालांच्या आणि केसांच्या मऊ सावलीसाठी मुद्दाम वापरा.

चेहरा मोठा काढा, ए-थ्री कागदावर २० सेंटिमीटर, आणि कोपर टेबलावर टेकवा. रेघ सावकाश ओढली की कंप वाढतो, थोडी वेगाने ओढली की कमी दिसतो. पांढरे केस, पांढरी मिशी काढायची नसते. त्यांच्यामागची भिंत काळी करा, ती आपोआप उजळतात. जपानी चित्रकार होकुसाईने १८४२च्या सुमारास, जपानी मोजणीने ८३व्या वर्षी, शाईने काढलेलं स्वतःचं चित्र हॉलंडमध्ये लायडनच्या संग्रहालयात आहे. रवींद्रनाथ टागोर साठी उलटल्यावर चित्रांकडे वळले आणि शाईत त्यांनी स्वतःचा चेहरा पुन्हा पुन्हा काढला.

वर्षभर रोज एक असे चेहरे निळ्या जेल पेनने काढले. काही फिके पडायला लागले आहेत. वाचवता येतील? (न्यू जर्सीहून एक वाचक)

गेलेला रंग परत येत नाही, पण पुढचा ऱ्हास बराच मंदावता येतो. रंगद्रव्य पाण्यात विरघळणारं असलं की ते उजेडात उडतं, निळं आणि जांभळं लवकर. वही उन्हापासून, काचेच्या कपाटापासून दूर, आडवी ठेवा. पानं लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. टेपचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो. पानांमध्ये आम्लविरहित पातळ कागद घाला. आजच ६०० डीपीआयवर, रंगीत, कोणताही फिल्टर न लावता स्कॅन करा. पुढच्या वर्षासाठी काळं पिगमेंट शाईचं, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचं, पेन घ्या. वेष्टनावर जलरोधक आणि उजेडात टिकणारी असं दोन्ही लिहिलेलं असलं पाहिजे.

प्रत्येक पानामागे तारीख, वेळ आणि प्रकाश कुठून होता ते पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढच्या बाजूला काही लिहू नका.